सासूबाईंची एकच काडी

आमच्या घराच्या वाट्याला मोहाचं एकच झाड आहे. जंगलातली झाडं कुणाच्या नावावर नसतात, पण कोणत्या मोहाखाली कुणी वेचायचं हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. आमचं झाड म्हातारं. बुंधा एका बाजूनं काळा पडून पोकळ झालेला, फूल दरवर्षी थोडं कमीच. नवं रोप तर आसपास कुठंच दिसत नसे. सासूबाईंच्या जिवाला तोच घोर. "हे पडलं तं आपल्या घरचा मोह सरला," असं त्या वेचता वेचता म्हणायच्या, आणि दोष कधी मातीला द्यायच्या, कधी पावसाला, कधी शेजारणीच्या बकऱ्यांना.

फूल गळायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा पेटवून द्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. जमीन काळी झाली की पिवळसर फूल लांबूनही दिसतं आणि कंबर कमी मोडते. पण आग काही आपल्या झाडाची हद्द ओळखत नाही. उन्हाळाभर जंगल धुमसत राहायचं आणि आम्ही एकमेकांना विचारायचो, यंदा कुणी लावली असेल बरं?

एका वर्षी ग्रामसभेत हा विषय निघाला. सभेचे अध्यक्ष, म्हणजे सगळ्या गावाचे भाऊ, नुकतेच कुठल्याशा शिबिराला जाऊन आले होते. धूर हवेत साठतो, त्यानं ऊन वाढतं, पाऊस बिघडतो, तेव्हा यंदापासून मोहाखाली कुणी आग लावायची नाही, असं त्यांनी मांडलं. सासूबाई उठल्या.

"तिकडं घुग्घुसले रातदिवस कोळसा जळून राह्यला, अन् माह्या एका काडीनं आभाळ तापते काय, भाऊ?"

प्रश्न मलाही पटला. भाऊ म्हणाले की घुग्घुसचे कारखाने आपल्या हातात नाहीत, काडी आहे. ठरावाला सगळ्यांनी हात वर केले. सर्वांत उंच हात सासूबाईंचा होता, कारण चारचौघांत मागं राहणं त्यांच्या रक्तात नाही.

फूल गळायचे दिवस आले तसा त्यांनी ठरावाचा अर्थ लावायला घेतला. ठराव जंगलासाठी आहे, आपलं तर एकच झाड. एका पहाटे खराटा माझ्या हातात देऊन त्या निघाल्या, तेव्हा कमरेला काडीपेटी खोचलेली मी पाहिली. विचारलं, तर म्हणाल्या चुलीची आहे, चुकून आली. चूल तर घरी होती.

जंगलाच्या वाटेवर आधी शेजारीण भेटली. तिच्याही हातात खराटा. मग तिची जाऊ, मग समोरच्या घरचे नवरा-बायको. इतक्या लवकर कुठं, असं प्रत्येकानं प्रत्येकाला विचारलं आणि सगळे म्हणाले, झाडायला. वळणावर तर खुद्द भाऊच उभे. कुणी पुढं जाईना, कुणी मागं फिरेना. शेवटी भाऊंनीच पहिल्या मोहाखाली खराटा चालवायला घेतला. वाकले, आणि त्यांच्या खिशातली काडीपेटी पाचोळ्यात पडली.

भाऊ ती उचलावी की नाही या विचारात तसेच वाकलेले. आधी सासूबाई हसल्या. हसता हसता त्यांनी कमरेची पेटी काढून भाऊंच्या पेटीवर ठेवली. मग एकेकाच्या पदरातून, खिशातून पेट्या निघत गेल्या. एवढ्या काड्या जमल्या की अख्खं जंगल पेटवून उरल्या असत्या. त्यातली एक वाटेवर चहा करायला लागली, बाकीच्या भाऊंच्या घरी गेल्या. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून सगळ्यांची झाडं झाडली, आणि सासूबाईंनी घरी येईपर्यंत घुग्घुसला, भाऊंना आणि स्वतःच्या कमरेला मनसोक्त शिव्या घातल्या.

पुढच्या वर्षी आम्ही दोघी झाडाखाली गेलो तेव्हा त्या खराटा घेऊन पुढं होत्या. झाडता झाडता एकदम थांबल्या. मला वाटलं साप. जवळ गेले, तर पाचोळ्यातून वीतभर उंचीची रोपं वर आलेली, लालसर कोवळ्या पानांची. मोहाचीच. सासूबाई उकिडव्या बसल्या. एका रोपाचं पान त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं, मग मान वर करून झाडाचा तो काळा बुंधा कितीतरी वेळ बघत राहिल्या.

मी थट्टेनं म्हटलं, "बाई, माती तं चांगली निघाली की."

त्या हसल्या नाहीत. आजूबाजूचे दगड गोळा करून त्यांनी रोपांभोवती आळं केलं. या रोपांना फूल येईपर्यंत सासूबाई नसणार, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. पदराला हात पुसत त्या उठल्या.

"एकच काडी होती वं माही," त्या म्हणाल्या. "दरसालची."