आइसलँडची गाणी आणि बाबांचा उजवा हात

"गाणं आहे की कुणाला बडवतायत?" स्वयंपाकघरातून काकूचा आवाज आला. ती आईशी बोलत होती. "एवढी इंग्लिशमधून शिकलेली पोरगी, आणि आजारी बापाच्या कानात हे घालते!"

मघाशी तिनेच बाबांच्या कानातला इअरफोन काढून स्वतःच्या कानाला लावून पाहिला होता. आता तो पुन्हा त्यांच्या कानात होता आणि दुसरा माझ्या.

"मॅडम, भाषा कुठली ही?" काकांनी विचारलं.

"आइसलँडची."

"तुला येते?"

"नाही."

"मग ऐकतेस कशाला?" ते हसले. मी उत्तर जुळवेपर्यंत आई बाहेर आली होती आणि ते तिच्याकडे वळले होते. माझं नेहमी असंच होतं. वाक्य आधी इंग्लिशमध्ये तयार होतं, मराठीत येईपर्यंत विषय बदललेला असतो.

पॅरालिसिसच्या झटक्यात बाबांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. उरला एकच शब्द, "आबो". पाणी हवं तरी आबो, पंखा नको तरी आबो. त्या दिवसांत मला समजणाऱ्या भाषेतलं कुठलंच गाणं सहन होत नव्हतं. वापीच्या ऑफिसातून परतताना एकदा फोनवर हा हेवी मेटल अल्बम आपोआप सुरू झाला. घसा खरवडून काढलेला आवाज, त्यामागे ड्रम, आणि मधेच काही पुरुष भजनाला बसल्यासारखे शांत सुरात गायचे. काही शब्दांच्या मध्यावर गायक दम सोडल्यासारखा 'ह' काढायचा. एक अक्षर कळत नव्हतं आणि तेच बरं वाटलं. मग संध्याकाळी एक इअरफोन मी बाबांना देऊ लागले. कधीकधी तेही त्या ओरडण्यात आपलं "आबो" मिसळायचे.

त्यातल्या एका गाण्यात कुणीतरी गेलेल्या आईला हाका मारतंय, असं मी धरून चालले होते. ऐकताना रडायचे. पुढे नेटवर अर्थ सापडला. बर्फात अडून बसलेल्या मेंढ्यांवर एक माणूस चिडला होता, एवढंच. त्यानंतर बाबांच्या "आबो"चा अर्थ सांगायचीही मला भीती वाटू लागली.

काका-काकू त्या रविवारी बाबांना तलासरीला न्यायलाच आले होते, कायमचं. आई रानशेतच्या शाळेत, मी वापीला. सांभाळायला येणारी बाई काम सोडून गेलेली. डहाणू रोडच्या आमच्या दोन खोल्यांत बाबा दिवसभर एकटे पडायचे. काका चुकीचं काहीच बोलत नव्हते.

"आमचं घर भरलेलं आहे, वहिनी. दादा काय परका आहे?"

आई खाली बघत होती. तिला रडू येत होतं की सुटल्यासारखं वाटत होतं, ते मला कळलं नाही. शेवटी म्हणाली, "त्यांना विचारा तरी."

"विचारू ना. रीतसर विचारू."

आमच्या घरात थोरल्याचा होकार नारळाने घेतात. देवापुढचा नारळ त्याच्या हातात द्यायचा. धरून ठेवला तर हो. नको असेल तर त्याने तो परत देवापुढे ठेवायचा. आत्याला आलेल्या एका स्थळाच्या वेळी बाबांनी तो परत ठेवला होता, आणि पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

काकांनी हात धुतले, नारळाला कुंकू लावलं. बाबांनी डावा हात पुढे केला.

"डाव्याने नाही रे, दादा. देवाचा आहे," काका मायेने म्हणाले आणि तो हात त्यांनी खाली ठेवला. मग उजव्या हाताची आखडलेली बोटं एकेक करून उघडली आणि नारळाची शेंडी तळहातावर ठेवली. बोटं मिटली.

ती कशावरही मिटतात. एकदा माझ्या इअरफोनची वायर त्यांत अडकली होती. बाबा डाव्या हाताने ती ओढत राहिले, तरी त्यांचाच उजवा हात सोडेना.

"घेतला! वहिनी, दादाने घेतला!" काकांचे डोळे भरून आले.

"आबो," बाबा म्हणाले. "आबो, आबो."

"बघा, किती खूश झाले!" काकूने कपाट उघडलंसुद्धा. "ताई, भाईंच्या लुंग्या कुठल्या खणात?"

आईने बोटाने खण दाखवला.

बाबा माझ्याकडे बघत होते. ती विनवणी असेल. मी अगदी समोर बसले होते म्हणूनही असेल. काकू एकेक लुंगी पिशवीत भरत होती. कानात तो माणूस मेंढ्यांवर ओरडतच होता. मी इअरफोन काढला.

"काका, तो हात काहीही धरतो. त्याला सोडता येत नाही." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "बाबा काय म्हणतायत ते मला कळत नाही. पण तुम्हालाही कळलेलं नाहीये."