अनेरच्या डोहातलं फूल आणि सुमनचं नाव

आज सकाळी तिच्या जाण्याचा मेसेज आला, आणि मी तो वाचून खाली सरकवला.

'श्रीमती मंगलाबाई, रावेर, यांचे वृद्धापकाळाने निधन.'
असतील कोणी, म्हटलं. चहा घेतला.

कप ठेवताना डोक्यात उजेड पडला.
अगं बाई, ही तर माझी सुमन!

आडनावं इथे लिहीत नाही. तिच्या घरच्यांना आवडेल न आवडेल.

एकोणसत्तर साल. जळगावला कॉलेजात बॉटनीच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. मी मारवाडी जैन दुकानदाराची, ती अनेर नदीकाठच्या शेतकऱ्याची.
"नदीत उतरायला कॉलेजात घातलंय का तुला?" हे माझे वडील.
"झाड मुळासकट उपटायचं? पाप लागेल," ही माझी आई.
सुमनच्या घरी असली भानगड नव्हती. तिच्या गावाला गेलं की साडी खोचायची आणि डोहात उतरायचं.

तिथेच ते दिसलं. पाण्याखाली लांब, अरुंद, पीळ पडलेली पानं.
"हाई काय शे व?" सुमननं काठावरच्या म्हातारीला विचारलं.
"गवत शे. हाई म्हशीबी खातीस नही."
झालं! गावाच्या लेखी विषय संपला.

आमच्या सरांच्या लेखी मात्र सुरू झाला. पानं बघून ते खुर्चीतून उठलेच. त्यांना ज्या वनस्पतीची शंका आली, ती पुस्तकात होती कोकणातली, घाटातली. खानदेशात कोणी पाहिल्याची नोंद त्यांना माहीत नव्हती.
"पण फुलाशिवाय मी नाव देणार नाही," सर म्हणाले. "फूल आणा."

पाणवनस्पती कागदावर नुसती ठेवली तर तिचा लगदा होतो. ट्रेमध्ये पाणी घ्यायचं, झाड तरंगू द्यायचं, खालून कागद सरकवायचा आणि हळूच उचलायचा. माझ्या हातून पानांची गुंडाळी व्हायची.
सुमनच्या हातून एकेक पान मोकळं यायचं.
"तू लेबल लिही बाई," ती म्हणायची. "तुझं अक्षर तरी चांगलं आहे."
त्या पहिल्या शीटवर मी लिहिलं, संग्राहक: कु. सुमन.

ते वर्ष फुलाविना गेलं. परीक्षा झाली आणि वैशाखात तिचं लग्न लागलं. रावेरचे केळीवाले. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं. मंगला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

पुढच्या होळीला ती माहेरी आली होती. एका दुपारी लॅबच्या दारात उभी! हातात पितळी डबा, पदर ओला.
"बठ्ठं पानी आटी गयं! फूल उनं!"

चोपड्यापासून यष्टीत डबा मांडीवर धरून आली होती. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "ताई, मासा आहे का?" ही म्हणाली, "दागिना आहे." मग त्यानं पुढची सीट दिली.

डोहाचं पाणी आटलं आणि फूल आलं, पण फूल कसलं, चिखलातून वर येणारी बोटाएवढी जांभळट नळी. सरांनी ती ब्लेडनं उभी चिरली, भिंगाखाली धरली.
"हीच ती," सर म्हणाले. आणि चक्क डोळे पुसले त्यांनी.

लेबल लिहायला मीच बसले. तिला न्यायला आलेले तिचे मिस्टर दारात उभे होते, रावेरची गाडी गाठायची होती. मला वाटलं, आता लग्न झालंय, माहेरचं नाव लिहिणं बरं दिसणार नाही.
मला कोणी सांगितलं नव्हतं. माझं मीच शहाणपण.
संग्राहक: सौ. मंगला.

तिनं वाचलं. "ही कोण?"
मी हसले. "अगं, तूच की!"
"हं," म्हणाली. डबा उचलला आणि गेली.

झाडाला नाव मिळालं. तिचं गेलं.

सरांच्या टिपणात दोन बायका छापून आल्या. एकीनं पानं आणली, दुसरीनं फूल. पुढे मी धुळ्याला शिकवायला लागले. मुलांना जुन्या शीट दाखवायला जळगावला न्यायची, तेव्हा कोणीतरी विचारायचंच, "मॅडम, या दोघी कोण होत्या?"
मी विषय बदलायची. लग्नानंतर मी माझं नाव बदललं नव्हतं, आणि ते वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगायची. काय बोलणार?

लेबलवर खाडाखोड चालत नाही, पण खाली दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवता येते. दोन मिनिटांचं काम. मी वर्षानुवर्षं केलं नाही. लाज वाटायची.

गेल्या वर्षी फोनवर शेवटी बोलून टाकलं. "सुमन, मी चुकले गं. चिठ्ठी लावते."
"राहू दे," म्हणाली. "इथे मला सुमन म्हणणारं कोणीच नाही. भाऊ गेला तेव्हापासून माहेरीही नाही. तू म्हणतेस ना, तेवढं बस."

तेवढं बस म्हणे!
मी आहे शहात्तरीची. मी आणखी किती दिवस म्हणणार?

सकाळपासून तुझी फार आठवण येतेय गं. कोणाला सांगू? ज्याला सांगते तो विचारतो, "सुमन कोण?"

चिठ्ठी लिहून ठेवली आहे. सोमवारी लेक जळगावला नेणार आहे. तू नको म्हणाली होतीस, तरी लावणार.
'दोन्ही नमुन्यांची संग्राहक एकच. सुमन.'

अक्षर अजून चांगलं आलंय.

सुखानं जा, सुमन.