हो की नाही

"साडी जुनी होती?" आरोपीच्या वकिलांनी विचारलं.

"जुनी होती, पण..."

"बाई, भाषण नको. हो की नाही?"

"हो."

"तुमच्यात तसंही चिंध्या होईपर्यंत नेसतात ना?"

मागच्या बाकांवरचे काळे कोट हसले. न्यायाधीशांनी मान वर केली तसं हसू थांबलं. सरकारी वकील मोबाईल बघत होते. टायपिस्टनं उतरवलं, साडी जुनी होती. झालं, सही करा, न्यायाधीश म्हणाले. मी केली.

नांदेडला एका सरकारी कार्यालयात मी शिपाई आहे. पोलिसांना बाई पंच लागली की साहेबांना फोन येतो आणि साहेब मला पाठवतात. जवळच्या एका गावात शेतमालकानं मजूर बाईला बांधावरून फरफटत नेलं होतं. तिची साडी पोलिसांनी माझ्यासमोर जप्त केली. ती विरलेली नव्हती. काठापासून उभी फाडलेली होती. मातीनं भरलेली, रक्त लागलेली. एवढंच मला सांगायचं होतं.

त्या बाईची साक्ष आधीच झाली होती. मागं बसून ती सगळं ऐकत होती. व्हरांड्यात तिनं मला गाठलं.

"बाई, फाडली म्हून का न्हाई सांगितलं?"

"त्यांनी विचारलं नाही."

"इच्यारलं न्हाई म्हून सांगायचं न्हाई व्हय?"

आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं. ती आमच्यातलीच. 'तुमच्यात' म्हटलं तेव्हा हसू आम्हा दोघींवर होतं.

बीए मी मुक्त विद्यापीठातून केलंय. त्या साक्षीनंतर लॉची प्रवेश परीक्षा दिली. नांदेडातच जागा मिळाली, आणि मग मी अडकले. वर्ग सकाळी. सुटतात तेव्हा ऑफिस सुरू होऊन गेलेलं असतं. मुलगी सहावीत. सासूबाई अंथरुणावर. नवरा ट्रकवर. फोनवर म्हणाला, "तू आन वकील? पोरगी दहावी झाली की तिला लातूरला क्लासला टाकू. शिकायचं वय तिचं हाय, तुझं न्हाई."

लातूरला लोक पोरांसाठी खोली करून राहतात. चाकूरकडच्या, किनवटच्या आया तिथं डबे करून देतात. आईनं शिकावं म्हणून कुणी खोली केल्याचं मी ऐकलं नाही.

सासूबाईंना सकाळी कोण उठवणार? मुलीची तयारी कोण करणार? एकाही प्रश्नाला उत्तर सापडलं नाही. प्रवेशाचा शेवटचा दिवस आला. परवानगी मागायला साहेबांकडं गेले, तेही चहा घेऊनच.

साहेबांनी आधी घोट घेतला. समोर दोन पाहुणे बसले होते, त्यांच्याकडं बघत म्हणाले, "ही वकील झाली तर आपल्याला चहा कोण देणार?"

पाहुणे हसले. तेच कोर्टातलं हसू.

"परवानगी मिळणार नाही. रोज उशिरा आलीस तर नोकरीवर गदा येईल. डोक्यातून काढून टाक. टाकतेस ना? हो की नाही सांग, मला मीटिंग आहे."

"नाही."

"काय?"

"नाही, साहेब. घरी मुलगी आहे, म्हातारी आहे, नोकरी गेली तर माझे हाल होतील. पण..."

"बास. जा आता."

"पण मी प्रवेश घेणार आहे. अर्ज टेबलावर ठेवलाय. नकार द्यायचा तर लिहून द्या, म्हणजे मला वर दाद मागता येईल."

रिकामे कप उचलले आणि बाहेर आले.

दुपारी प्रवेश घेतला. संध्याकाळी मुलीला सांगितलं, उद्यापासून तुझी वेणी तू घालायची. आजीला चहा तू द्यायचा. ती रडली. मी समजूत काढली नाही.

लेखी नकार अजून आलेला नाही. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. सासूबाईंचं दुपारचं काय, तेही माहीत नाही. एक ठरलंय. यापुढं कुणी कितीही अडवलं तरी 'पण'च्या पुढचं मी बोलणार. ते कोर्टात कसं बोलायचं, तेवढं शिकून येते.