भावासाठी आलेली पुस्तकं

माझा धाकटा भाऊ अंथरुणाला खिळला त्या वर्षी आमच्या घरी पुस्तकं आली. माणूस तापाने पडला तर लोक शहाळी आणतात. मनाने पडला की उपदेश आणतात, तोही बांधीव. मुखपृष्ठावर सूट घातलेला, हाताची घडी घालून हसणारा गृहस्थ. आत सल्ला एकच : पहाटे उठा आणि आरशात बघून हसा. आमचा भाऊ तेव्हा आंघोळीलाही उठत नव्हता. लेखकाला मात्र आरसा आवडत असणार.

ही ग्रंथसंपदा मुंबईच्या काकांची. ते दर शिमग्याला गावी येतात आणि संगमेश्वरला उतरल्यापासून भेटेल त्याला सुधारत घर गाठतात. मी ती सगळी पुस्तकं वाचली. वाचून भावाच्या उशाशी बसायचो आणि "मन खंबीर कर" म्हणायचो. स्वतः मी पाल दिसली की खुर्चीवर चढतो.

कामाचं निघालं ते रत्नागिरीच्या डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर दिलेलं एक पातळ पुस्तक. कागद भिकार, चित्रातली बाई खिडकीबाहेर बघतेय आणि बाहेर काय आहे हे चित्रकारालाही सुचलेलं नाही. पण त्यात लिहिलं होतं की हा आळस नव्हे, आजार आहे. याच आजारात माणूस खाली जातो तसा वरही जातो. वर गेलेला माणूस आजारी दिसत नाही, उलट फार छान दिसतो. आणि गोळ्या सोडायची हुक्की त्याला तेव्हाच येते.

यंदाच्या शिमग्यात भाऊ पालखीखाली गेला तो खांदा सोडीना. आमच्याकडे पालखी घरोघर नाचवतात, नाचवणारे आळीपाळीने खांदा बदलतात. हा बदलेना. रात्रभर झोपला नव्हता, आणि सकाळपासून भेटेल त्याला नव्या दुमजली देवळाचा बेत सांगत होता. वाडी खूश! हाच माणूस दार लावून पडला होता तेव्हा वाडीने त्याला लाडावलेला ठरवलं होतं. आता देवाची कृपा झाली म्हणून बायका ओवाळायला निघाल्या. आमच्याकडे कौतुक व्हायला आजार वाढावा लागतो.

पालखी आमच्या अंगणात पाटावर टेकली तसे काका पुढे आले.

"बघ, देवाने उठवलं की नाही तुला? त्या गोळ्या दे आता समुद्रात फेकून!"

समुद्र आमच्या वाडीपासून लांब आहे. पण काकांना लहान काही सुचतच नाही.

भाऊ घामाने निथळत माझ्याकडे वळला. "दादा, खरंच रे. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. करू बंद?"

मी तोंड उघडलं. त्यातून ऐनवेळी नेहमी निघतं तेच निघालं : "अं..."

बायको माझ्यासाठी थांबली नाही. आतून ते पातळ पुस्तक आणून तिने अंगणातच वाचलं. झोपेची गरज वाटत नाही, बोलणं आवरत नाही, मोठमोठे बेत सुचतात, आपल्यालाच सगळं कळतं असं वाटतं.

"हे काय, कोणालाही लागू पडेल," काका म्हणाले.

"तुम्हाला पडतंय," भाऊ म्हणाला. "पण काका, तुम्ही झोपता. घोरता पण."

अंगण हसलं. भाऊही हसला, आणि हसता हसता थांबला.

"वहिनी, ते झोपेचं परत वाच."

तिने वाचलं. त्या दिवसांत तो गप्प झालेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"एक फेरी नाचतो, मग जाऊ डॉक्टरकडे," तो म्हणाला.

"सकाळची गोळी राहिलीये. ती आधी," बायको म्हणाली.

त्याने तोंड वाकडं करून गोळी घेतली, एक फेरी नाचला आणि खांदा शेजाऱ्याला दिला.

"देवाचं काम अर्धवट टाकलंस," काका म्हणाले.

"मग तुम्ही लावा ना खांदा," बायको म्हणाली. काकांची कंबर त्याच क्षणी धरली.

रत्नागिरीच्या एसटीत भाऊ सगळ्या गाडीशी बोलत होता. कंडक्टरने हसून विचारलं, "काय पाव्हणं, लग्नाला निघालात काय?"

"नाय हो," भाऊ म्हणाला, "झोप आणायला."