काकूंच्या जागी बसताना

"वजन किती हो तुमचं?"

कोणीही नवा माणूस भेटला, की काका आधी हे विचारायचे. नाव-गाव मागाहून. उत्तर मिळालं की एक पाऊल मागे सरून त्याच्याकडे नीट बघायचे. खोटं बोलणारा लगेच ओळखू यायचा.

इथे आखातात, अल हिलाल भागात एका व्हिलाचे तुकडे पाडून भाड्याने दिलेत, त्यात खाली काका राहायचे, वर मी. काका नाशिकचे, गॅस कंपनीत इंजिनियर. मी कराडचा, एका ऑफिसात हिशेब बघतो, बायकोमुलं गावी. आणि अंगणात काकांची गाडी. जुनी अमेरिकन, लाल, लांबच लांब. सुरू केली की माझ्या खोलीतली भांडी वाजायची.

आधी काकूही इथेच असत. एकदा रस्त्याचं काम चालू होतं आणि काकांना उंचवटा दिसला नाही. गाडी उडाली आणि आदळली. मागच्या स्प्रिंगचा पाटा मोडला, पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर गेले आणि शेजारी बसलेल्या काकूंचा मणका दुखावला. त्या ऑपरेशनला नाशिकला गेल्या, त्या तिथेच राहिल्या. तेव्हापासून त्यांना सलग झोप म्हणून नाही. घटकाभर डोळा लागतो, कळ येते, उठून बसतात.

सगळे म्हणाले, विका ती पीडा. काका म्हणाले, "मोडली मी. नीट मीच करणार." निवृत्त होऊन कायमचं परत जायच्या आत काकूंनी एकदा त्या गाडीत बसावं आणि त्यांना काही दुखू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

आता यात माझा काय संबंध? तर काकूंचं आणि माझं वजन जवळजवळ सारखं. एवढाच माझा गुन्हा. दर शुक्रवारी सकाळी खालून हाक यायची, "भाऊ, यल्ला! चला, निघू या!" की मी काकूंच्या जागी जाऊन बसायचो. मांडीवर पाच किलो तांदळाची पिशवी.

"ही कशाला, काका?"

"तिने फोनवर वजन सांगितलं ना, त्यात मिळवलंय. तीस वर्षांचा संसार आहे, भाऊ."

एका हातात काठोकाठ ताकाचा ग्लास. मग आम्ही अल हिलालमधला एकेक स्पीडब्रेकर घ्यायचो. लोक असल्या गाड्या पुसूनपासून द पर्लच्या श्रीमंत वस्तीत मिरवायला नेतात. आमची रिक्षाच्या वेगाने वाण्याच्या दुकानापर्यंत जायची आणि परत यायची. ताक सांडलं की काका गाडी थांबवायचे. उतरायचे, शर्ट काढायचे आणि गाडीखाली शिरायचे. माझ्या पँटचं काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

पहिल्यांदा अमेरिकेहून महागाच्या स्प्रिंगा आल्या. त्या निघाल्या शर्यतीच्या. आमचे दात वाजले. सगळं उसकटून पुन्हा मऊ स्प्रिंगा मागवल्या. मग रबरी बुश बदलले, पाटे बदलले. उन्हाळ्यात पाना हातात धरवत नसे, तेव्हा ओलं फडकं गुंडाळून काम चालायचं. मी चिडायचो. एकदा म्हणालोही, "काका, काकूंना सांगा की तुम्हीच सॉरी म्हणून. स्वस्तात पडेल."

"म्हणालो," काका गाडीखालून म्हणाले. "तिचं दुखणं थांबलं नाही."

मला फार वाईट वाटलं. पुढचं ताक मीच घुसळून आणलं.

शेवटी सामान आवरायला काकू आल्या. अंगणात उभ्या राहून त्यांनी गाडीकडे पाहिलं. "हिच्यात मी बसणार नाही. एकदा बसले तेवढं पुरे झालं."

काका फडकं घेऊन आधीच स्वच्छ असलेला आरसा पुसायला लागले. मला राहवेना.

"काकू, वर्षभर मी बसलोय तुमच्या जागी. पाच किलो तांदूळ मांडीवर घेऊन."

"तांदूळ? ते कशाला?"

मी सांगून टाकलं. काकूंनी सावकाश मान वळवून काकांकडे पाहिलं.

"पाच?" त्या म्हणाल्या. "तीन पुरले असते." आणि दार उघडून आत बसल्या.

फक्त वाण्यापर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं. मी तिघांची खिचडी टाकली. खिचडी झाली, पापड भाजून झाले, खिचडी गार झाली.  पुन्हा कुठे आदळले की काय? तेवढ्यात फोन वाजला.

"काका! कुठे आहात?"

"शहराबाहेर, उम्म सलाल मोहम्मदच्या पुढे." आवाज अगदी बारीक.

"तिकडे कशाला? काय झालं? काकू बऱ्या आहेत ना?"

"हळू बोला हो. झोपलीय ती. घरापासून निघालो तेव्हाच डोळा लागला. एकदाही कळ आली नाही. थांबलो तर उठेल."

"मग आता?"

"पेट्रोल आहे अजून," काका म्हणाले. "तुम्ही जेवून घ्या."