काकांनी न दिलेलं मत

माझ्या काकांना घरात सगळे सभापती म्हणतात, अर्थात त्यांच्यामागे. समोर म्हणायची छाती फक्त काकूची. जेवताना दोघं एकदम बोलायला लागले की काका चमचा ताटावर वाजवून म्हणायचे, "एका वेळी एकच सदस्य." भाजी कुठली करायची यावरही ते हात वर करायला लावत. काकू सगळ्यांचे हात नीट मोजायची आणि घरात जी भाजी असेल ती करायची. "लोकशाही तुमची, गॅस माझा," असं ती सुनावायची आणि काका ते मुकाट्याने खायचे.

काका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. विभाग म्हणजे ते एकटेच. विभागप्रमुख तेच, मास्तर तेच, आणि पंखा अडकला की स्टुलावर चढणारेही तेच. जिन्याखालची अरुंद खोली, दोन पत्र्याची कपाटं, एक डुगडुगणारं टेबल. शनिवारी दुपारी मात्र तिथे पाय ठेवायला जागा नसायची. कारण प्रत्येक मुलाच्या घरी एकच तुणतुणं असे: हा विषय घेऊन करणार काय, पुढारी होणार? काका त्याच्यावर हसत नसत. मुलाला आधी तासभर बोलू देत आणि मग सांगत, तुला लिहायचा नाद आहे ना, सुट्टीत वर्तमानपत्राच्या कचेरीत उमेदवारी कर. तुझं कुणाशी पटत नाही, तू कायद्याला जा. तुला आकड्यांची भीती वाटत नाही, मग निवडणूक कार्यालयात विचारून बघ.

नुसतं सांगून थांबणारा माणूस नव्हे तो. मुलाबरोबर स्वतः जायचे. मुलाखत चालू असताना समोरच्या टपरीवर बसून राहायचे आणि मुलगा बाहेर आला की त्याच्या तोंडाकडे न बघता आधी चहा मागवायचे. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. जनमत पाहणीच्या कचेरीत दिवसभर फोन फिरवून लोकांची मतं विचारते, ते त्यांच्याचमुळे. तिथल्या साहेबांशी त्यांची ओळख होती. "जरा शब्द टाका ना," असं मी म्हटलं, तर कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. आपल्या माणसासाठी शब्द टाकणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. आता वाटत नाही.

त्यांच्या वर्गात एका बसड्रायव्हरची मुलगी होती. दर वाक्याला "पण सर, मुद्दा असा आहे" म्हणायची, म्हणून काका तिला मुद्देवाली म्हणत. दुसऱ्या वर्षाला होती. विधिमंडळाच्या अभ्यास कक्षात दरवर्षी थोडे विद्यार्थी घेतात. सदस्यांना भाषणासाठी माहिती काढून द्यायची, राहायची सोय तिथेच, आणि काम आवडलं तर पुढे नोकरीही तिथेच. अट एवढीच की मूल राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षात शिकत असलं पाहिजे. काकांनी मुद्देवालीसाठी त्या जागेवर डोळा ठेवला होता. ती घरी येऊन आमच्या जेवणाच्या टेबलावर जुनी विधेयकं वाचत बसे आणि काकू तिला वाढता वाढता म्हणे, "खा गं, कायदा कुठे पळून जात नाही."

त्याच वर्षी प्राचार्यबाईंनी ठराव आणला. राज्यशास्त्राला मुलं कमी येतात, तेव्हा विभाग बंद करावा, आहेत त्या मुलांना समाजशास्त्रात घ्यावं आणि काकांना इतर वर्गांना संभाषणकौशल्य शिकवायला द्यावं. कॉलेजच्या मंडळात प्राचार्यबाई धरून दहा जण. काका त्यातले एक. घरात आम्ही सगळे धास्तावलो होतो. विभाग गेला तर मुद्देवालीची जागा गेली, हे स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या गावच्या कॉलेजात तिचे वडील काही तिला पाठवणार नव्हते.

बैठकीच्या संध्याकाळी इतिहासाचे सर, काकांचे जुने दोस्त, काकांना घेऊन घरी आले. काका सरळ आतल्या खोलीत गेले. सर मात्र बूटही न काढता दारातच कडाडले, "वहिनी, या माणसाला काय म्हणावं सांगा! चार ठरावाच्या बाजूने, चार विरुद्ध. याने हात वर केला असता तर ठराव पडला होता. हा उठून म्हणतो, यात माझी स्वतःची नोकरी गुंतलेली आहे, मी तटस्थ राहतो. झालं! समसमान मतं पडली आणि बाईंनी अध्यक्षाचं निर्णायक मत टाकून विभाग बंद केला."

काकू हातातलं फडकं पिळतच राहिली. मी तरातरा आत गेले. काका खाटेवर बसले होते, शर्टाची वरची गुंडी काढून.

"का केलंत असं?" मी विचारलं.

"ज्याचा हितसंबंध असतो त्याने मत द्यायचं नसतं गं."

"बाकीच्यांचा नव्हता? ती जिन्याखालची खोली कुणाला हवीय, ते सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे."

"त्यांचं त्यांच्यापाशी," काका म्हणाले. त्यांचा आवाज ठाम होता. आपण योग्य तेच केलं, अशी त्यांची पक्की खात्री होती, आणि त्या खात्रीचा मला एवढा संताप आला की मी दार आपटून बाहेर आले.

सुट्टी संपता संपता मुद्देवाली आली. तिचं नाव समाजशास्त्राच्या वर्गात गेलं होतं आणि अभ्यास कक्षाने तिला नियमावर बोट ठेवून नकार कळवला होता. काकूने खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही. काका घाईघाईने बोलू लागले. दुसरी वाट काढू, ओळखीचा एक संपादक आहे, मी येतो तुझ्याबरोबर. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सर, तुम्ही मत का नाही दिलंत?"

"माझी नोकरी होती ना त्यात. माझ्याच जागेसाठी मी कसा हात वर करणार?"

"तुमची नोकरी तर आहे अजून," ती म्हणाली. रागावलेली नव्हती ती, नुसती दमलेली होती. "जागा आमची गेली. त्या बैठकीला आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं, सर. आमच्या वतीने तुम्हीच तेवढे होतात."

ती काकूच्या पाया पडली, काकांच्याही पडली आणि गेली.

संध्याकाळपर्यंत ते तिथेच बसून होते. काकू दोनदा जेवायला बोलावून गेली. शेवटी मी जवळ जाऊन बसले. मला अजूनही त्यांचा राग होता आणि त्यांच्यासाठी जीवही तुटत होता.

"मी फक्त स्वतःकडेच बघत राहिलो गं," ते म्हणाले. "स्वतःकडे बघायचं नाही, एवढंच बघत राहिलो." आणि मग ते हमसून हमसून रडायला लागले. काकू आतून धावत आली, पण त्यांना काय सांगून गप्प करावं, ते आम्हा दोघींनाही कळेना.