काकूंच्या नावाची टंकी

इंदूरला आले तेव्हा माझ्याकडे सगळं होतं, फक्त मी कुठे नोंदलेली नव्हते. जन्म आणि वाढ कॅनडातली, पासपोर्ट तिकडचा. मराठी मात्र आईवडिलांनी घरात दामटून चालवलेली. कंपनीच्या कामासाठी दोनेक वर्षं राहायचं होतं. बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत दलालाने तळमजल्याचं घर मिळवून दिलं. मालकीणबाई, म्हणजे साऱ्या गल्लीच्या काकू, आदल्या वर्षी वारल्या होत्या. मुलगी पुण्याला. तिच्याशी माझं कधी बोलणंही झालेलं नव्हतं.

इंटरनेटवाला "बस पोंच रिया हूँ" म्हणायचा आणि आठवडा उलटायचा. कुरिअरवाल्याला घराचा नंबर सांगितला की तोच माझ्यावर चिडायचा. "नंबर मत बताओ मॅडम, किसका मकान है वो बताओ." काकूंचं नाव घेतलं की लगेच दारात हजर! तिकडे एक तक्रार ठोकली की माणसं पळत यायची; इथे मी तक्रारीवर तक्रार करत होते आणि ढिम्म काही हलत नव्हतं. माझा नुसता संताप व्हायचा.

मग हळूहळू लक्षात आलं, की या घरात जे येतं ते काकूंच्या नावानेच येतं. वीज त्यांची, नळ त्यांचा. दूधवाल्याला तर त्या गेल्याचं ठाऊक होतं. तरी मी हाडामांसाची बाई पातेलं घेऊन समोर उभी असताना तो माझ्या खांद्यावरून आत बघायचा आणि "काकूंचं दूध" असं म्हणून ओतायचा. एकदा मीही मागे वळून पाहिलं.

गॅसपाशी खरं घोडं पेंड खायचं. इथे सिलेंडरला टंकी म्हणतात. टंकी दारात आली की मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायचा, मगच ती आत येणार. ओटीपी जाणार काकूंच्या जुन्या फोनवर. गॅसवाला पहिल्यांदा आला तेव्हा मी हात झटकून मोकळी झाले. "मेरे पास कुछ नहीं आता, भैया."

"टेंशन मत लो दीदी," म्हणत तो पायरीवर बसला आणि त्याने फोन लावला. "काकू, टंकी लाया हूँ. घर पे हो ना? ओटीपी बोलो." जरा थांबून त्याने आकडे दाबले आणि टंकी आत नेऊन ठेवली.

"ओटीपी किसने बताया?"

"काकू ने. और कौन बताएगा? आवाज थोड़ी बैठी हुई थी."

"वो तो गुजर गईं."

त्याचा चेहरा एकदम बदलला. "ऐसी बात मुँह से मत निकालो. अभी तो बात हुई है." आणि रिकामी टंकी उचलून तो तरातरा गेला. भर दुपार होती, अंगणात ऊन रणरणत होतं, तरी मी दाराला आतून कडी घातली.

दुसऱ्याच दिवशी मी एजन्सीत गेले. म्हटलं, कनेक्शन माझ्या नावावर करा. काउंटरवरचे गृहस्थ मराठीच निघाले. "कशाला मॅडम? आमच्याकडे मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे, त्यांना जाऊन जमाना झाला. लाईट येते ना? जैसा चल रिया है चलने दो." इथे माणूस जातो आणि नाव मागे कामाला राहतं, याचं कोणाला काही वाटत नाही. पण मेलेल्या बाईने मला गॅस द्यायचा, हे मला सहन होईना. कागद जमवताना नाकी नऊ आले. शेवटी एकच उरलं, मुलीची सही.

तिला गाठायच्या आतच पुढची टंकी आली. गॅसवाल्याने फोन लावला तेव्हा मी तो त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"हो, काकू बोलतेय," पलीकडून आवाज आला. बसलेला, निवांत.

"कोण बोलतंय?" मी विचारलं. घाबरले होते मी, खोटं कशाला बोलू?

"मी मुलगी," ती म्हणाली. "आईचा फोन मी बंद नाही केला. बाकी सगळे मला विचारतात, कशी गेली. हा एकटाच विचारतो, घरी आहात ना. मी हो म्हणते. तेवढ्यापुरती ती असते."

तिने आकडे सांगितले. मी नाव बदलण्याचं बोलले. "करते सही," ती म्हणाली. "तुमचा नंबर द्या. एक काम कराल? मी फोन करते, तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवा. आणि तुम्ही बाहेर जा."

गॅसवाला गेल्यावर तिचा फोन आला. मी तो शेगडीशेजारी ठेवला आणि अंगणात जाऊन उभी राहिले. आतून तिचं बोलणं ऐकू येत होतं. मुलाची परीक्षा, गुडघा, कोणाचं तरी लग्न. एक वाक्य बोलायची आणि थांबायची. माणूस उत्तर ऐकताना थांबतो, तेवढीच. मग "हो गं, जेवले." पुन्हा थांबली, आणि हसली. स्वयंपाकघरात दुसरा आवाज नव्हता, हे मी शपथेवर सांगते. पण मी आतही गेले नाही.

सही मी मागितली नाही. कागद तसेच पडून आहेत. घरात गीझर आहे, चांगला चालतो. तरी आंघोळीचं पाणी मी गॅसवर तापवते, म्हणजे टंकी लवकर संपते आणि काकूंना फोन लागतो.